वंशावळींच्या याद्यांत देवाचा करार नेमका कुठे दिसतो?

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं तुम्ही ठरवलंत. उत्पत्तीतल्या याद्या कशाबशा पार केल्यात, पण जुन्या करारातल्या १ इतिहास या पुस्तकापाशी गाडी अडली. नऊ अध्याय नावंच नावं. वंशावळी म्हणजे देवाच्या कराराची, म्हणजे त्याने शब्द देऊन आपल्या लोकांशी बांधलेल्या नात्याची साक्ष, असं तुम्ही उपदेशात ऐकलंय, पण ती साक्ष कोणत्या ओळीत आहे ते सापडत नाही. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतल्या येशूच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत, हेही खटकतंय. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘माहेरी-सासरी ख्रिस्ताला मानणारी मी पहिलीच. दुसऱ्यांच्या बापजाद्यांच्या या यादीत माझं काय आहे?’

मला वाटतं, खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. बाकीचे त्याच्या पोटात आहेत. देवाचं अभिवचन रक्ताच्या नात्याने पुढे जात असेल, तर तुम्ही बाहेरच्या ठरता. ते दुसऱ्या कशाने पुढे जात असेल, तर मग इतकी नावं जपून ठेवायचं कारण काय? दोन्हींचं उत्तर याद्यांमध्येच आहे, पण त्या कशा वाचायच्या हे सहसा कुणी दाखवत नाही. मी मंडळ्यांमधून जुना करार शिकवतो आणि वंशावळीचे अध्याय वर्गात गाळत नाही. तिथे जे करतो तेच इथे लिहितो.

आधी दोन गोष्टी मोकळेपणाने सांगतो. तुम्ही पहिल्यांदाच सलग वाचत असाल, तर याद्या नजरेखालून घालून पुढे गेलात तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या वाचनाच्या वेळी नावांमागची माणसं ओळखीची झालेली असतात, तेव्हा त्या आपोआप बोलू लागतात. दुसरं असं की सगळ्या याद्या एकाच कारणासाठी लिहिलेल्या नाहीत. कुठे लढाईजोगे पुरुष मोजायचेत, कुठे जमीन वाटायची आहे, कुठे याजक कोण हे ठरवायचंय, कुठे नुसतं एका कथेतून दुसरीकडे जायचंय. त्यामुळे कराराशी असलेलं नातं प्रत्येक यादीत सारखं घट्ट नाही. एसावाच्या वंशातल्या प्रत्येक सरदाराच्या नावातून अभिवचन पिळून काढायला मी जाणार नाही. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे अर्थ ओळीने जोडून त्यातून सुवार्तेचं गुप्त वाक्य केलेलं फिरतं. त्यातल्या काही नावांचे अर्थ हिब्रूच्या जाणकारांनाही खात्रीने सांगता येत नाहीत. त्याच्या नादी लागू नका. जे उघड लिहिलंय तेच पुष्कळ आहे.

वर्गात मी पेन्सिल घेऊन बसायला सांगतो आणि तीन ठिकाणी खूण करायला लावतो. यादीच्या लगेच आधी काय घडलंय, यादीचा ठरलेला साचा कुठे मोडतोय, आणि यादी कुठे येऊन थांबतेय.

उत्पत्ती ५ घ्या. साचा ठरलेला आहे: अमुक इतक्या वर्षांचा असताना त्याला अमुक झाला, त्यानंतर तो इतकी वर्षं जगला, आणि मेला. आदाम ९३० वर्षं, मथुशलह ९६९ वर्षं, शेवट तोच. एदेन बागेतली शिक्षा ओळीओळीने बजावली जाताना दिसते. पण त्याच ओळींत आणखी काही चाललंय. तिसऱ्या अध्यायात देवाने शब्द दिला होता की स्त्रीची संतती सर्पाचं डोकं फोडील. मग आदाम-हव्वेच्या मुलांपैकी काइनाने हाबेलाला मारलं आणि तो हाकलला गेला. शेथ जन्मला तेव्हा हव्वा म्हणाली, हाबेलाच्या जागी देवाने मला दुसरं संतान दिलं. या वंशाकडे कशा नजरेने पाहायचं, हे यादी सुरू होण्याआधीच एका आईच्या तोंडून कळतं. मरण प्रत्येकाला गाठतं आणि तरी ओळ तुटत नाही. साचा ठळकपणे दोन ठिकाणी मोडतो. हनोख देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं; तिथे ‘आणि तो मेला’ नाही. आणि लामेख मुलाचं नाव नोहा ठेवताना शाप लागलेल्या जमिनीची आठवण काढतो आणि हा आपल्याला दिलासा देईल म्हणतो. बायबलमध्ये ‘करार’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो पुढच्याच अध्यायात, याच नोहाशी देव बोलतो तेव्हा.

दहावा अध्याय लोक हमखास गाळतात. नोहाच्या तीन मुलांपासून पसरलेली राष्ट्रं त्यात आहेत. परंपरेने ती ७० मोजतात. मिसर, कनान, अश्शूर, बाबेल, पलिष्टी, पुढे इस्राएलाला छळणारी कितीतरी नावं तिथे आहेत. अब्राहामाला हाक येण्याआधी हे सगळं लिहून झालेलं असतं. मग बाराव्या अध्यायात पृथ्वीवरची सर्व कुळं तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील असं अभिवचन येतं, तेव्हा ती कुळं कोणती हे आपण नुकतंच वाचलेलं असतं.

मध्ये अकरावा अध्याय आहे. शेमापासून तेरहापर्यंत ओळ सरळ चालते, आणि मग एक छोटं वाक्य येतं: साराय वांझ होती, तिला मूलबाळ नव्हतं. यादीला पुढे सरकायला जागाच उरत नाही. बापाला मुलगा, मुलाला मुलगा असं जे चाललं होतं ते इथे थांबतं आणि तिथूनच अभिवचन सुरू होतं. माझ्या दृष्टीने बायबलमधल्या सगळ्या वंशावळींची किल्ली या जागी आहे. इसहाक जन्मला तो दिलेल्या शब्दामुळे. पुढे रिबकाही वांझ, राहेलही वांझ. तीन पिढ्या ही ओळ माणसाच्या हाताबाहेर जाते आणि तीन पिढ्या देव ती पुढे नेतो.

आणि ताई, उत्पत्ती १७ नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. देव अब्राहामाला सुंतेची खूण देतो, तेव्हा घरात जन्मलेल्या आणि परक्यांकडून विकत घेतलेल्या दासांनाही ती करायला सांगतो. त्याच दिवशी ते झालंही. इसहाक अजून जन्मलेला नव्हता. अब्राहामाच्या रक्ताचा म्हणावा असा त्या दिवशी एकटा इश्माएल होता. कराराची खूण अंगावर घेतलेले बाकीचे सगळे परके होते. म्हणजे ‘अब्राहामाचं घराणं’ पहिल्या दिवसापासून रक्ताच्या नात्यापेक्षा मोठं आहे.

ज्यांच्यातून ओळ पुढे गेली नाही, त्यांच्याही याद्या शास्त्रात आहेत. इश्माएलापासून बारा सरदार होतील असं देव सतराव्या अध्यायात म्हणतो, आणि पंचविसाव्यात बारा नावं मोजून लिहिलेली आहेत, तीही इसहाकाच्या घराण्याची कथा सुरू होण्याआधी. एकाची निवड झाली म्हणून दुसऱ्याला दिलेला शब्द देवाने बुडवला नाही.

निर्गम ६ मध्ये करार आणि यादी अगदी शेजारी आहेत. लोक मिसरात विटा थापतायत, मोशे हताश आहे. देव म्हणतो, अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी केलेला करार मी आठवला आहे. थोड्याच वचनांनी रऊबेन, शिमोन, लेवी यांची घराणी सुरू होतात. पहिल्या वाचनात ती मध्येच घुसवल्यासारखी वाटतात. पण देवाने करार आठवला म्हणजे कोणाला आठवलं? या माणसांना. लेवीपाशी यादी थांबते, कारण तिला अहरोन आणि मोशे यांच्यापर्यंतच यायचं होतं. वाटेत शिमोनाच्या मुलांमध्ये ‘कनानी स्त्रीचा मुलगा शौल’ असाही उल्लेख आहे. तो कुणी झाकलेला नाही.

गणनेच्या पुस्तकात दोन मोजण्या आहेत. सीनाय रानातल्या पहिल्या मोजणीत ६,०३,५५० पुरुष भरले, आणि मवाबाच्या मैदानातल्या दुसरीत ६,०१,७३०. मधल्या वर्षांत कालेब आणि यहोशवा सोडले तर पहिल्या मोजणीतले सगळे रानात मेले. शिमोनाचा वंश ५९,३०० वरून २२,२०० वर आला, मनश्शेचा ३२,२०० वरून ५२,७०० वर गेला. अविश्वासाची शिक्षा खरोखर झाली, आणि तरी एकूण आकडा जवळपास तिथेच राहिला. सव्विसाव्या अध्यायात कोरहाने मोशेविरुद्ध केलेल्या बंडाची आठवण निघते आणि मध्येच एक ओळ येते: कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. पुढे स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रांच्या शिरोभागी कोरहाच्या मुलांचं नाव दिसतं.

ही दुसरी मोजणी जमिनीच्या वाटणीसाठी होती. नावांच्या संख्येप्रमाणे वतन द्यावं असं तिथेच सांगितलंय. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागते, तसंच हे काम. पण आपल्या वारसनोंदीत जमीन घराण्याकडे आधीपासून असते. इथे यार्देनेपलीकडच्या कनानातली एक वीतही ताब्यात नव्हती आणि केवळ दिलेल्या शब्दावर वारस लिहिले जात होते. सलाफहादाला मुलगे नव्हते. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुलींची नावं मोजणीतच आहेत. पुढच्या अध्यायात त्या मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून विचारतात, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव त्याच्या कुळातून का जावं? देवाने सांगितलं, त्यांचं म्हणणं रास्त आहे. यहोशवा १७ मध्ये त्यांना वतन मिळाल्याची नोंद आहे. जे अजून हाती आलं नव्हतं त्यात या पाच जणींनी वाटा मागितला. मला तर तो विश्वासाचा सर्वात धीट नमुना वाटतो.

आता तुम्ही अडलात तिथे येऊ. १ इतिहास कोणासाठी लिहिलाय हे लक्षात आलं की ते नऊ अध्याय वेगळे दिसायला लागतात. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोकांना बाबेलला नेलं. पारसाचा राजा कोरेश याने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास परत जायची मोकळीक दिली. परतलेल्यांसमोर काय होतं? मोडका गाव, परक्या साम्राज्याचा कर, आणि दाविदाच्या राजासनावर कुणी नाही. दाविदाला तर देवाने सांगितलं होतं की तुझं घराणं आणि तुझं राजासन सर्वकाळ टिकेल (२ शमुवेल ७). स्तोत्र ८९ हेच ओरडून विचारतं: तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, तुझी पूर्वीची दया कुठे आहे? अशा लोकांसाठी इतिहासकार लिहायला बसतो आणि सुरुवात करतो, ‘आदाम, शेथ, अनोश.’ परत आलेल्या मूठभर लोकांना तो थेट सृष्टीच्या आरंभापासून मोजत आणतो. तुम्ही एका हरलेल्या राज्याचे उरलेसुरले लोक आहात, असं तो म्हणत नाही. देवाने आदामापासून जे हाती घेतलंय ते तुमच्यापर्यंत येऊन पोचलंय, असं तो सांगतो.

मग कोणाला किती जागा दिली आहे ते पाहा. नफतालीच्या वंशाला एकच वचन. लेवीला ८१ वचनांचा आख्खा सहावा अध्याय. यहूदाला दुसऱ्या अध्यायापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत. याकोबाचा ज्येष्ठ मुलगा रऊबेन, तरी यहूदा आधी का, याचा खुलासा पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. राजा यहूदातून आणि याजक लेवीतून ही देवाची दोन अभिवचनं, आणि त्या दोन वंशांवर लेखणी सर्वांत जास्त रेंगाळते.

तिसऱ्या अध्यायात दाविदाच्या गादीवरचे राजे एका दमात येतात. अकराव्या वचनात योराम, अहज्या, योवाश. मी वर्गाला इथे थांबवतो आणि २ राजे ११ उघडायला सांगतो. अहज्या मारला गेल्यावर त्याची आई अथल्या राजवंशातल्या सगळ्यांना ठार करायला निघते. अहज्याची बहीण यहोशेबा त्याच्या तान्ह्या मुलाला, योवाशाला, चोरून उचलते आणि दाईसकट लपवते. सहा वर्षं तो परमेश्वराच्या मंदिरात दडून राहतो आणि बाहेर अथल्या राज्य करते. दाविदाला दिलेलं वचन तेवढा काळ त्या एका लपवलेल्या मुलाच्या जिवावर उभं होतं. आणि २ राजेच्या आठव्या अध्यायात आधीच लिहून ठेवलंय की दाविदासाठी परमेश्वराने यहूदाचा नाश केला नाही, कारण त्याच्या वंशाला सर्वदा दिवा देण्याचं त्याने कबूल केलं होतं. हे माहीत झालं की १ इतिहासातलं ‘योवाश’ हे नाव तुम्ही पुन्हा घाईने वाचू शकत नाही.

दुसऱ्या अध्यायात, चौतिसाव्या वचनापासून, यहूदाच्याच वंशातला शेशान भेटतो. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याच्या घरी यरहा नावाचा एक मिसरी दास होता. शेशानाने आपली मुलगी त्याला दिली. तिथून अत्तयपासून अलीशामापर्यंत तेरा पिढ्या ओळीने लिहिलेल्या आहेत, यहूदाच्या म्हणून. ज्या मिसराने इस्राएलाला गुलाम केलं, त्याच मिसरातला एक गुलाम राजवंशाच्या कुळात बाप म्हणून मोजला गेलाय. इतिहासकाराला हे गाळता आलं असतं. परतलेल्यांमध्ये परराष्ट्रीय लग्नांवरून किती वाद होता हे एज्राचं पुस्तक सांगतंच. तरीही त्याने ते लिहिलं.

सर्वांत अवघड जागा यहूदाचा राजा यखन्या याची. इ.स.पू. ५९७ मध्ये तो बाबेलला कैद होऊन गेला. यिर्मया २२ मध्ये देव म्हणतो, हा माझ्या उजव्या हातातली मुद्रा, म्हणजे शिक्क्याची अंगठी, असता तरी मी उपटून टाकला असता. हा निःसंतान असं लिहा, याच्या संततीतला कुणी दाविदाच्या राजासनावर बसणार नाही. मग १ इतिहास ३:१७ वाचा. ‘बंदिवान यखन्या’ आणि पुढे त्याच्या मुलांची नावं. ओळ थांबत नाही. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये अर्न्स्ट वाइडनर या जर्मन अभ्यासकाने प्रसिद्ध केलेल्या मातीच्या पाट्यांवर, राजवाड्यातून तेल कोणाला किती दिलं याच्या नोंदी आहेत. त्यांत यहूदाचा राजा यखन्या आणि त्याचे पाच मुलगे यांचा उल्लेख आहे. बाबेलच्या कारकुनाला कराराशी काही देणंघेणं नव्हतं. तो फक्त तेल मोजत होता आणि नकळत दाविदाच्या घराण्याची नोंद करत होता. पुढे हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी यखन्याचा नातू जरुब्बाबेल याला देव म्हणतो, मी तुला मुद्रेसारखं करीन. उपटून टाकलेली मुद्रा परत हातात आली.

इथे अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतं यिर्मयाने सांगितलेला दंड मागे घेतला गेला; कुणी म्हणतं तो त्या पिढीपुरता होता. मला २ शमुवेल ७ चा आधार पुरेसा वाटतो. तिथे दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या आहेत: राजाने अन्याय केला तर मी त्याला काठीने शिक्षा करीन, पण माझी दया त्याच्यावरून दूर करणार नाही. जरुब्बाबेल प्रांताचा अधिकारी झाला, राजा झाला नाही. दंड खरा ठरला आणि वचनही खरं राहिलं.

मत्तय आणि लूक यांच्याविषयी आता थोडक्यात सांगता येईल. मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे करतो: अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचं देशांतर, तिथून ख्रिस्त. त्यासाठी तो योरामानंतरचे अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे सरळ वगळतो. यहूदी वंशावळीत नातवाला किंवा पणतूलाही ‘मुलगा’ म्हणायची रीत होती, त्यामुळे यात फसवणूक नाही. तो टप्पे दाखवतोय. दोन टप्पे कराराचे आहेत, अब्राहामाशी आणि दाविदाशी. मधला देशांतराचा टप्पा म्हणजे कराराची जखम, आणि तीही त्याने मोजली आहे. लूक उलट दिशेने येशूपासून आदामापर्यंत आणि ‘देवाचा’ इथपर्यंत जातो, तेही बाप्तिस्म्याच्या वेळी ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस’ अशी वाणी झाल्यावर लगेच. मत्तयाची ओळ शलमोनातून येते, लूकाची दाविदाचा दुसरा मुलगा नाथान याच्यातून. योसेफाच्या बापाचं नावही दोघांत वेगळं आहे, याकोब आणि एली. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने याचा उलगडा निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करायच्या रीतीने केला: एक जन्म देणारा बाप, दुसरा कायद्याने बाप. पुढे अनेकांनी लूकाची यादी मरियेच्या घराण्याची मानली. कोणता उलगडा बरोबर यावर मी पैज लावणार नाही. दोघांचं म्हणणं काय आहे हे मात्र स्पष्ट आहे. येशू दाविदाला दिलेल्या वचनाचा वारस आहे आणि तो संपूर्ण मानवजातीचा आहे.

मत्तयाच्या यादीतल्या स्त्रिया पाहा. सारा, रिबका, लेआ, ज्यांची नावं कुणीही अभिमानाने घातली असती, त्या नाहीत. तामार आहे, सासऱ्याने न्याय दिला नाही म्हणून स्वतः वाट काढलेली. यरीहोची कनानी राहाब आहे. मवाबी रूथ आहे, जिच्या लोकांना अनुवाद २३ प्रमाणे परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. आणि बथशेबा आहे, पण तिच्या नावाऐवजी ‘उरीयाची बायको’ म्हटलंय, म्हणजे उरीयाला मारवून तिला आपली बायको करण्याचं दाविदाचं पाप यादीतच राहावं. मग योसेफाशी आल्यावर साचा शेवटचा मोडतो. ‘योसेफाला येशू झाला’ असं लिहिलेलं नाही. योसेफ हा मरियेचा पती आणि तिच्यापासून येशू जन्मला. साराय वांझ होती तिथे जे घडलं, तेच इथे आणखी मोठं होऊन घडलंय. ओळ माणसाच्या बळावर पोचत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एज्रा २ मध्ये बाबेलहून परतलेल्या ४२,३६० लोकांची मोजणी आहे. त्यांत काहींना आपलं घराणं इस्राएलाचं की नाही हे दाखवता आलं नाही. बर्जिल्लयासारख्या याजकघराण्यांनी वंशावळीचे लेख शोधले, ते सापडले नाहीत, आणि त्यांना याजकपदावरून दूर ठेवलं गेलं. म्हणजे जुन्या करारात नाव नसण्याची किंमत होती. ‘सगळं चालतं’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण घराणं दाखवू न शकलेल्या पहिल्या गटाला परत पाठवलेलं नाही. दलाया, तोबीया, नकोदा यांच्या वंशातली ६५२ माणसं त्याच यादीत लिहिलेली आहेत. आणि यशया ५६ मध्ये देव परक्याला बजावतो, परमेश्वर मला आपल्या लोकांपासून वेगळं करील असं तू म्हणू नकोस. तिथेच ज्याला मूलबाळ होणं शक्य नाही अशा षंढाला तो आपल्या घरात मुलामुलींपेक्षा उत्तम नाव द्यायचं कबूल करतो.

पौलाने तीमथ्याला आणि तीताला वंशावळींच्या वादापासून दूर राहायला सांगितलं, हे कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. पौल रोखत होता तो त्यांवर रचलेल्या कहाण्या आणि भांडणं. स्वतः तोच रोमकरांस पत्राच्या आरंभी ख्रिस्त देहाने दाविदाच्या वंशात जन्मला असं लिहितो, आणि गलतीकरांस लिहिताना म्हणतो, तुम्ही ख्रिस्ताचे आहात तर अब्राहामाचे संतान आणि अभिवचनाप्रमाणे वारस आहात.

तेव्हा तुमच्या शेवटच्या ओळीचं माझं उत्तर असं. ही दुसऱ्यांच्या बापजाद्यांची यादी आहे, हे खरं. इस्राएलाचं ते घराणं आहे, ते हिरावून घेऊन आपण आपलं म्हणू नये. पौलानेही रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात परराष्ट्रीयांना तेच बजावलंय. पण ज्या दाराने अब्राहामाच्या घरचे दास, यरहा, राहाब आणि रूथ आत आले, त्याच दाराने तुम्ही आला आहात. मंडळीत कुणाच्या चार पिढ्या विश्वासात असतील, ती आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या घरी प्रार्थना लहानपणापासून कानावर पडते. पण त्यांचंही नाव आजोबांमुळे वारसांत लागलेलं नाही. तेही याच दाराने आले आहेत.

आता वाचनाचं. १ इतिहास थोडा बाजूला ठेवा. या आठवड्यात रूथचं पुस्तक पूर्ण वाचा आणि चौथ्या अध्यायात दोन जागांवर खूण करा: वेशीतले वडीलधारे रूथशी लग्न करणाऱ्या बवाजाला आशीर्वाद देताना तामारेचं नाव घेतात ते बारावं वचन, आणि पेरेसापासून दाविदापर्यंतची शेवटची दहा नावं. नंतर १ इतिहासाचा दुसरा आणि तिसरा अध्याय घ्या, रोज अर्धा, आणि जिथे नुसत्या नावाऐवजी एखादं वाक्य येतं तिथे थांबा. शेशान तसाच सापडतो. मग मत्तय १. चौथ्या ते आठव्या अध्यायांना तूर्त हात लावू नका. फक्त चौथ्यातली याबेसाची दोन वचनं, नऊ आणि दहा, तेवढी वाचून घ्या. नववा अध्याय मात्र सोडू नका. बाबेलहून परतून आपापल्या वतनात पुन्हा राहायला आलेल्यांची नावं त्यात आहेत, अगदी मंदिराच्या द्वारपाळांपर्यंत.